कानशीची खाच

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी विजेच्या वस्तूंच्या दुकानात काउंटरवर एक हीटर ठेवला गेला. सोबत बिल, वॉरंटी कार्ड आणि वर्तमानपत्रातून कापलेली, चार घड्या घातलेली एक जाहीर सूचना होती. हीटर आणणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. दोन चौकांपलीकडे त्यांचं पाळणाघर होतं आणि आसपासची लहानथोर सगळी माणसं त्यांना मावशी म्हणत. त्यांच्या उजव्या तळहाताला पट्टी बांधलेली होती.

सूचना कंपनीची होती. या मॉडेलच्या हीटरमध्ये दोष आढळला आहे, वापर ताबडतोब थांबवावा, हीटर घेतला त्या दुकानात परत देऊन पूर्ण किंमत घ्यावी. खाली बारीक अक्षरात एक अट होती. हीटर अनधिकृत व्यक्तीने उघडलेला नसावा.

दुकानाच्या मालकाने हीटर उलटा केला. मागच्या झाकणाच्या स्क्रूवर कागदाचं सील असतं. ते फाटलेलं होतं.

"मावशी, हा उघडलाय कोणीतरी."

"कोणीतरी काय? तुमच्याच टेस्टरनी उघडला. गेल्या वर्षी, इथंच मागच्या खोलीत. मी याच स्टुलावर बसले होते."

"टेस्टर आमचा माणूस नाही."

"म्हणजे?"

"मागची जागा वापरतो, स्वतःची कामं करतो. कंपनीचा मेकॅनिक नाही आणि दुकानाचाही नाही. बाहेरच्या माणसाकडून उघडून घेतलात, आता कंपनी हात वर करणार. मी तरी काय करू?"

"अहो, गादी जळाली माझी! मुलं झोपली होती शेजारी."

"हीटर गादीजवळ ठेवायचा नसतो, मावशी. पुस्तकात लिहिलंय तसं."

प्लायवुडच्या पार्टिशनमागे, बोलणाऱ्यांपासून चार हातांवर, टेस्टर एका इस्त्रीची वायर बदलत बसला होता. त्याने प्रत्येक शब्द ऐकला. दुकानाचा मालक हा त्याच्या बायकोचा थोरला भाऊ. टेस्टर त्यांना भाऊच म्हणे आणि ते त्याला जावईबापू म्हणत. भाऊंना थट्टेची सवय होती. आता ते हसतील आणि ओरडतील, 'काय मावशी, घाबरलात ना? अहो जावईबापू, या बाहेर!' म्हणून टेस्टर हातातलं काम थांबवून वाट पाहत राहिला.

हाक आली नाही. हीटरचा पाय काउंटरच्या काचेवर घासल्याचा आवाज आला आणि मग दार लागल्याचा.

एकोणीस वर्षं तो त्या पार्टिशनमागे बसत होता. खिशाला कायम टेस्टर लावलेला, म्हणून टेस्टर. शाळेतलं नाव आता फक्त विजेच्या बिलावर होतं. त्याच्याकडे कंपनीचं ओळखपत्र नव्हतं, दुकानाचं नेमणूकपत्रही नव्हतं. 'घरातल्या माणसाला कागद कशाला?' हे भाऊंचं वाक्य. ते ऐकून लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्याला भरून आलं होतं.

कामाच्या त्याच्या दोन सवयी होत्या. उघडलेल्या प्रत्येक वस्तूच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तो पेन्सिलीने तारीख घाली आणि खाली विजेचा एक छोटा बाण काढी. पुढे कोणी उघडलंच, तर आधी कोणाचा हात लागलाय ते त्याला कळावं. दुसरी सवय कानशीची. निकामी झालेला प्रत्येक पार्ट तो कानशीने घासून त्याच्या पत्र्यावर एक खाच पाडी आणि मगच बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकी. 'मेलेला पार्ट चुकूनही परत कोणाच्या घरात जाऊ नये,' तो म्हणे. डबा भरला की भाऊ तो भंगारात देत.

मागच्या थंडीत या हीटरच्या तक्रारी यायला लागल्या. हीटर बंदच होत नाही, तापतच राहतो. दोष टेस्टरने पहिल्याच दिवशी हुडकला. हीटरमध्ये कटआउट नावाचा अंगठ्याएवढा पार्ट असतो. उष्णता मर्यादेबाहेर गेली की त्याने वीज तोडायची. या हीटरमधले कटआउट तोडतच नव्हते. टेस्टरने भाऊंना तसं सांगितलं. खराब कटआउट काढून, खाच पाडून तो डब्यात टाकत गेला आणि हीटर मागच्या खोलीत रांगेने उभे राहत गेले. तीन आठवड्यांनी भाऊंनी एक खोका आणून त्याच्यापुढे ठेवला. आत साठ कटआउट होते, प्रत्येकावर पांढरी नळी चढवलेली.

"कंपनीकडून नवे आलेत, जावईबापू. येईल त्याचा बदलून द्या. बोभाटा नको. आणि हा खोक्याबाहेरचा एक वेगळा ठेवा, आपल्या घरच्या हीटरला."

कटआउट तपासायची रीत अशी. तो गरम तव्यावर ठेवायचा आणि सिरीज दिव्याला जोडायचा. तापल्यावर दिवा विझला तर पार्ट चांगला. दहा मिनिटांचं काम. टेस्टर दुसऱ्या कोणाकडून आलेला साधा फ्यूजही तपासल्याशिवाय लावत नसे. हे साठ मात्र त्याने खोक्यातून काढून सरळ बसवले. भाऊंनी आणलेली वस्तू तापवून बघणं त्याला भाऊंनाच तापवून बघण्यासारखं वाटलं होतं.

दुपारी तो पाळणाघरात गेला. दोन खोल्या, भिंतीलगत गुंडाळलेल्या चौदा छोट्या गाद्या आणि कोपऱ्यात ठोकळे खेळणारी तीन मुलं. एका गादीचं टोक काळं पडलं होतं. ती मावशींनी टाकली नव्हती, भिंतीला उभी करून ठेवली होती.

"या," मावशी म्हणाल्या. "या, बाहेरचे माणूस."

टेस्टर दारातच थांबला.

"मी आत होतो तेव्हा."

"ठाऊक आहे. पार्टिशनखालून तुमच्या चपला दिसत होत्या मला."

मावशींनी त्याला मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं. तेवढी एकच खुर्ची रिकामी होती.

"बाकीची मुलं?"

"आया पाठवत नाहीत. म्हणतात, मावशींचा डोळा लागला. माझा डोळा, टेस्टर! चोवीस वर्षांत दुपारी एकदा लागला नाही. वास आला तशी या हातानं गादी ओढली मी." त्यांनी पट्टी बांधलेला हात वर केला. "मला हीटरची किंमत नकोय. मला लिहून हवंय, शिक्क्यासकट. हीटर सदोष होता एवढं एक वाक्य. ते मी दाराला चिकटवीन. परत घेतला असता तर पावतीवर तसं आपोआप आलं असतं. तुमचे मेहुणे म्हणतात, सील फाटलंय."

"उघडू का?"

"आता काय राहिलंय उघडायचं? उघडा."

त्याने चार स्क्रू काढले. झाकणाच्या आत पेन्सिलीची तारीख होती आणि खाली बाण. कटआउट होता तिथेच होता, पण त्याच्यावरची पांढरी नळी वितळून एका बाजूला आकसली होती. खरी नळी अशी वितळत नाही. टेस्टरने उरलेली नळी नखाने सोलली.

खालच्या पत्र्यावर खाच होती. आडवी, जरा तिरकी झुकलेली. टेस्टर डावखुरा होता आणि त्याच्या कानशीची खाच नेहमी तशीच पडे.

एक मूल येऊन त्याच्या खिशातला टेस्टर ओढायला लागलं, तेव्हा त्याने तो काढून त्याच्या हातात दिला.

"काय झालं?" मावशींनी विचारलं.

"यात मेलेला पार्ट आहे. मीच काढून टाकलेला. वरून नळी चढवून परत आला, आणि मीच बसवला."

"जाणूनबुजून?"

"नाही."

"मग?"

"बघितला नाही."

"तुम्ही?" मावशी म्हणाल्या. "तुम्ही न बघता?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर टेस्टरला बरं वाटलं असतं.

निघताना तो म्हणाला, "हा कोणाच्या हातात देऊ नका. भाऊ न्यायला आले तरी नाही."

"आता तुमच्या घरच्यांपासून मी तुमचाच पुरावा राखायचा का?" मावशी म्हणाल्या आणि हीटर उचलून त्यांनी मुलांच्या कपड्यांच्या कपाटात ठेवला.

दुकान बंद करायच्या वेळी भाऊ काउंटरवरची धूळ पुसत होते. टेस्टरने सोललेली नळी त्यांच्यापुढे ठेवली. भाऊंनी तिच्याकडे पाहिलं, पण 'हे काय आहे?' असं विचारलं नाही. तिथेच टेस्टरला उत्तर मिळालं.

"कंपनी पार्ट पाठवते म्हणाली, पाठवले नाहीत," भाऊ म्हणाले. "पत्र तेवढं आलं. विक्री थांबवा, गिऱ्हाइकांना कळवा, माल परत घ्या. परत घ्या! रोज दारात माणसं. मी काय सांगू त्यांना? शिवाय सगळेच काही मेलेले नसतील. तुम्ही जरा जास्तच कडक."

"खाच मी मेलेल्यावरच पाडतो, भाऊ."

"दिवा लागत होता ना सिरीजवर? मी स्वतः लावून बघितला."

"थंड असताना लागतोच. तापल्यावर विझायला हवा."

"ते मला काय कळतंय? ते तुमचं खातं. बसवताना तुम्ही बघायचं."

रस्त्यावरून कोणी ओळखीचा गेला. भाऊंनी हसून हात हलवला, मग हसू तसंच ठेवून परत वळले.

"हे बघा, एजन्सी गेली तर दोन घरं बसतील. एक माझं, एक माझ्या बहिणीचं. बाई उद्या ग्राहक मंचात गेल्याच, तर म्हणायचं, रस्त्यावरच्या कोणाकडून उघडून घेतला असेल. संपलं."

"आत माझी तारीख आहे."

"पेन्सिलीची ना?"

टेस्टरने काउंटरवरची नळी उचलून खिशात घातली.

"खोडरबरानं जाते," भाऊ म्हणाले. "तू तिथं जाऊन ये. तुला देतील त्या उघडायला."

एकोणीस वर्षांत भाऊंनी त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं. ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण शटर ओढताना ते परत एकदा म्हणाले, "जावईबापू, विचार करा." पण तोवर टेस्टर पायरी उतरला होता.

घरी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आज फ्यूज उडालेला दिसतोय," ती म्हणाली.

टेस्टरने सगळं सांगितलं. तो सांगत असताना एकाच टॉवेलची घडी ती तीनदा मोडून घालत राहिली. बाप गेल्यावर भाऊने शाळा सोडली आणि तिला शिकवलं, ही गोष्ट त्या घरात कोणी बोलून दाखवत नसे.

"तो असं करणार नाही," ती शेवटी म्हणाली. "त्याला कोणीतरी फसवलं असेल. भोळा आहे तो धंद्यात. त्याला काय कळतंय कुठला पार्ट चांगला न् कुठला वाईट?"

"तेच म्हणाले ते."

"मग!"

तिचं लक्ष कोपऱ्यातल्या हीटरकडे गेलं. तेच मॉडेल, मागच्या थंडीत भाऊंनीच दिलेलं. टॉवेल बाजूला ठेवून ती उठली आणि तिने प्लग काढला.

"उघडा हा."

टेस्टरने झाकण काढलं. पेन्सिलीची तारीख, बाण आणि पांढऱ्या नळीतला कटआउट. त्याने नळी कापून बाजूला केली. पत्रा कोरा होता. तो त्याने दिव्याखाली फिरवून बघितला, मग बायकोच्या हातात दिला. तिनेही फिरवून बघितला, बोट फिरवून बघितलं. खाच नव्हती. टेस्टरने तवा तापवला, सिरीज दिवा जोडला आणि दोघंही त्या दिव्याकडे बघत उभी राहिली. चौथ्या मिनिटाला दिवा विझला.

"चांगला आहे," टेस्टर म्हणाला. "हा त्यांनी वेगळा दिला होता. घरच्यासाठी म्हणून."

बायकोने तव्याखालचा गॅस बंद केला.

"म्हणजे ठाऊक होतं त्याला," ती म्हणाली. आणि मग, "आपल्याला वाचवलंन."

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी टेस्टर उठला तेव्हा तिने घरचा हीटर एका चादरीत बांधून दाराशी ठेवला होता. कटआउट एका पाकिटात घालून वर टाचला होता.

"हाही घेऊन जा मंचात," ती म्हणाली. "नुसता मावशींचा नेलात तर तो म्हणेल, मला काय ठाऊक."

"तुझा भाऊ आहे तो."

"माझाच आहे. मी कुठं नाही म्हणतेय?" तिने पाठ फिरवली. "न्या लवकर. माझा विचार बदलायच्या आत."

ग्राहक मंचाची सुनावणी सात आठवड्यांनी लागली. खोली लहान होती, पंखा बंद होता आणि टेबलावर दोन हीटर शेजारी शेजारी ठेवलेले होते. तक्रारदार मावशी. समोर कंपनीचे वकील आणि दुकानदार म्हणून भाऊ. भाऊंनी लेखी दिलं होतं की हा इसम दुकानाचा नोकर नाही, त्याने काय बसवलं याची दुकानाला माहिती नाही, आणि निकामी पार्टचा डबा त्याच्याच ताब्यात असे. शेवटचं वाक्य वाचलं गेलं तेव्हा मावशींच्या शेजारी बसलेल्या टेस्टरच्या बायकोने भावाकडे पाहिलं. भाऊ चष्मा पुसत होते.

वकिलांनी टेस्टरला विचारलं, "तुम्ही कंपनीचे अधिकृत मेकॅनिक आहात?"

"नाही."

"मग सील तोडलंत कुठल्या अधिकाराने?"

"लोक आणायचे. मी उघडायचो."

"म्हणजे अनधिकृत."

"हो."

"आणि सदोष पार्ट तुम्हीच बसवलात?"

"हो. साठ बसवले."

खोलीत जरा कुजबूज झाली. प्रश्न फक्त एकाच हीटरचा होता. वकिलांनी कागद खाली ठेवला.

मंचाच्या अध्यक्ष एक बाई होत्या. त्यांनी मावशींच्या हीटरमधून काढलेला कटआउट हातात धरून विचारलं, "ही खाच तुमचीच, हे कशावरून?"

टेस्टरने खिशातून कानस काढली. शिपायाने ती आधी तपासून बघितली. मग त्याला एक जुना पार्ट देण्यात आला. टेस्टरने तो टेबलाच्या कडेला टेकवला आणि डाव्या हाताने कानस तीनदा ओढली. पत्र्याचा चरचर आवाज झाला. अध्यक्षांनी दोन्ही खाचा शेजारी धरल्या, निरखून बघितल्या आणि पार्ट कंपनीच्या वकिलांकडे दिले. वकिलांनी भाऊंकडे दिले. भाऊंनी न बघताच पुढे सरकवले.

आदेश दोन ओळींचा होता. दोन्ही हीटर व पार्ट प्रयोगशाळेत पाठवावेत. अहवाल आल्यावर पुढील सुनावणी.

बाहेर जिन्यात भाऊ आणि बहीण समोरासमोर आली.

"तुझ्या घरात चांगला दिला होता मी," भाऊ हळूच म्हणाले.

"म्हणूनच आले," ती म्हणाली.

ही गोष्ट झाली तेव्हा उन्हाळा तोंडावर होता. आता परत थंडी आली आहे. मधल्या काळात सुनावणी दोनदा पुढे गेली. प्रयोगशाळेचा अहवाल अजून आलेला नाही. कंपनीची सूचना कायम आहे, तिची अटही कायम आहे. मावशींच्या पाळणाघरात सध्या पाच मुलं आहेत. दाराला काहीही चिकटवलेलं नाही. जळलेली गादी अजून भिंतीला उभी आहे.

दुकानातल्या पार्टिशनमागे आता मिक्सरचे खोके ठेवलेले असतात. टेस्टर घराच्या ओट्यावर बसून कामं करतो. दुपारनंतर पिशवी घेऊन बाहेर पडतो. बसवलेल्या साठ कटआउटांचे मालक कोण, हे दुकानाच्या बिलांवरून एका तासात कळलं असतं, पण बिलं भाऊंकडे आहेत आणि मंचाने ती अजून मागवलेली नाहीत. त्यामुळे टेस्टर दारोदार जातो. बेल वाजवून म्हणतो, "या मॉडेलचा हीटर आहे का तुमच्याकडे? असेल तर लावू नका." आणि मग, "मीच उघडला होता. आत माझी तारीख असेल."

काही जण आत घेतात. एका गृहस्थाने सील दाखवून विचारलं, "म्हणजे आमचे पैसे तुमच्यामुळे बुडाले?" टेस्टर हो म्हणाला. एका बाईंनी दार लावून घेतलं आणि मग मागच्या खिडकीतून हीटर बाहेर ठेवला. एका घरी त्याला खुर्ची मिळाली. हीटर उघडून होईपर्यंत तिथल्या आजोबांनी, हल्ली कशावरच भरवसा ठेवता येत नाही, हे त्याला चार उदाहरणं देऊन पटवून दिलं. त्याने मान डोलावली, नळी सोलली, खाच दाखवली आणि कटआउट काढून पाकिटात घातला. पाकिटावर पेन्सिलीने तारीख घातली.

बायको रोज संध्याकाळी पाकिटं मोजते आणि मंचाला द्यायच्या पिशवीत ठेवते. कालपर्यंत बावीस झाली आहेत, प्रयोगशाळेतला मावशींचा पार्ट धरून तेवीस. तेवीसच्या तेवीस पार्टवर खाच आहे.

शनिवारपासून गारठा वाढला आहे. सदतीस हीटर अजून सापडलेले नाहीत.